आयरिश पुराणकथांत समुद्राची देवी नेमकी कोण? आणि मत्स्यकन्यांचे मूळ कुठे?

प्रश्नकर्ती : सागरगोटा

नमस्कार. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात 'देशोदेशींच्या जलदेवता' या विषयावर प्रत्येकाने अर्धा तास बोलायचे ठरले आहे आणि चिठ्ठ्या टाकल्यावर माझ्या वाट्याला आयर्लंड आले. महाजालावर शोध घेतला तेव्हा काम सोपे वाटले, कारण तयार याद्याच हाती लागल्या : दोम्नू ही खोल समुद्राची देवी, क्लीना ही लाटांची देवी, फँड ही समुद्राची राणी आणि ली बन ही मत्स्यकन्यांची देवी.

अडचण पुढे आली. या नावांमागच्या मूळ कथांचे इंग्रजी अनुवाद वाचायला घेतले, तेव्हा यादीतल्या देवी मला त्यांत सापडेनात. समुद्राचा धनी म्हणून जिकडेतिकडे मनानान मॅक लिर हा पुरुषच उभा राहतो. क्लीना झोपेत लाटेबरोबर वाहून जाते, फँड ही मनानानची बायको म्हणून येते आणि परत जाते, ली बन बाप्तिस्मा घेऊन मरते, तर दोम्नूची मुळात कथाच मिळत नाही. मग चारही बाजूंनी समुद्राने वेढलेल्या या बेटाला समुद्राची देवी आहे की नाही? नसेल, तर का नाही? आणि ज्यांना सरसकट मत्स्यकन्या म्हटले जाते, त्या सगळ्या एकाच जातीच्या आहेत का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. इंग्रजी विकिपीडियाचे दुवे कृपया देऊ नयेत, ते वाचूनच हा गोंधळ झाला आहे.

प्रतिसाद १ : पोथीनिष्ठ

तुमचा गोंधळ रास्त आहे आणि याद्यांपेक्षा तुमचे वाचन अधिक बरोबर आहे. जुन्या आयरिश भाषेत 'लेर' म्हणजे समुद्र आणि 'लिर' हे त्याचे षष्ठीचे रूप, तेव्हा 'मॅक लिर' म्हणजे शब्दशः 'समुद्राचा पुत्र'. इ.स. ९००च्या सुमारास रचलेल्या 'कॉर्मॅकचा शब्दकोश' या ग्रंथात मनानानविषयी मजेशीर नोंद आहे : तो मॅन बेटावर राहणारा एक निष्णात व्यापारी होता, आकाश पाहून हवा कधी पालटेल हे त्याला अचूक सांगता येई, म्हणून आयरिश आणि ब्रिटन लोकांनी त्याला समुद्राचा देव मानले. ख्रिस्ती पंडिताने देवाला माणसांत आणून बसवण्याचा हा प्रकार आहे, आणि तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात तो पुन्हापुन्हा आडवा येणार आहे. आपल्या हाती असलेल्या जवळजवळ सर्व आयरिश पुराणकथा मठांत, ख्रिस्ती हातांनी लिहिल्या गेल्या, हे आधी लक्षात घ्यावे.

मनानानचे सर्वांत सुंदर दर्शन 'ब्रानची सागरयात्रा' या जुन्या आयरिश कथेत होते. ब्रान कातडी नावेतून जात असताना समोरून पाण्यावर रथ हाकत मनानान येतो आणि त्याला म्हणतो की तुला हे स्वच्छ पाणी दिसते आहे, पण मला मात्र फुलांनी भरलेले मैदान दिसते. तुझ्या नावेभोवती उसळणारे सामन मासे ही माझ्या मैदानातली वासरे आणि कोकरे आहेत. ब्रान ज्या बेटाकडे निघाला आहे ते स्त्रियांचे बेट आहे आणि त्याला बोलावणे घेऊन आलेली, सफरचंदाची रुपेरी फांदी हाती धरलेली व्यक्तीही स्त्रीच आहे. म्हणजे समुद्रापलीकडच्या जगात स्त्रियांची सत्ता आहे, पण मधल्या पाण्यावर रथ चालतो तो पुरुषाचा.

आता खरी देवी कुठे आहे ते पाहू. ती नद्यांत आहे. बॉइन नदीची बोअन आणि शॅनन नदीची सिनन या दोघींच्या कथा 'दिनशेनखस' नावाच्या स्थलनामकथांत येतात. बोअनचा नवरा नेक्तान याच्या विहिरीजवळ तो आणि त्याचे तीन पेलेवाहक यांच्याखेरीज कोणी गेल्यास डोळे फुटत, अशी आण होती. बोअन ती न जुमानता विहिरीला तीन फेऱ्या घालते, त्याही उलट्या, आपल्याकडे ज्याला अपसव्य म्हणतात तशा. विहिरीतून तीन लाटा उसळतात, तिची मांडी, हात आणि डोळा घेऊन जातात. ती समुद्राकडे धावत सुटते आणि पाणी तिच्या मागोमाग थेट नदीमुखापर्यंत येते, तीच बॉइन नदी. 'बोअन' या नावाचा अर्थ 'पांढरी गाय' असा लावतात आणि त्यातला 'बो' हा आपल्या 'गो' शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे. फ्रेंच विद्वान जॉर्ज द्युमेझिल यांनी तर नेक्तान, रोमन नेपच्यून आणि ऋग्वेदातला जलदेव अपां नपात् यांची मुळे एकच असल्याचा सिद्धांत मांडला होता. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातला अपां नपात् पाण्यात इंधनावाचून तेवतो आणि नेक्तानच्या पाण्यातही जवळ येणाऱ्याला जाळणारे तेज आहे, असा तो धागा. सगळ्यांना तो पटलेला नाही, मलाही नावांचे जुळवणे जरा ओढूनताणून वाटते, पण तुमच्या श्रोत्यांना तो ऐकायला आवडेल.

सिनन ही तर लिरच्या मुलाची, लोदानची, मुलगी. म्हणजे समुद्र हा आजा आणि नदी ही नात. नद्या स्त्रिया आणि सागर त्यांचा पती, ही मांडणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तिकडे नाते वेगळे असले तरी लिंगविभागणी तीच दिसते. तुम्ही आयर्लंडवर बोलताना 'समुद्रदेवी' हा शब्द बाजूला ठेवून 'जलदेवी' म्हणालात, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

राहिल्या लाटा. आयर्लंडच्या तीन महालाटा प्रसिद्ध आहेत : कॉर्क परगण्यातील ग्लँडोरच्या खाडीतील क्लीनाची लाट, बॅन नदीच्या मुखाशी तुआगची लाट आणि डाउन परगण्यातील डंड्रमच्या उपसागरातील रुद्रीची लाट. अल्स्टरचा राजा कोनखोवर संकटात सापडला की त्याची ढाल आक्रोश करी आणि या तिन्ही लाटा तिला गर्जून साद देत. यांतल्या दोन लाटांची नावे स्त्रियांची आहेत आणि दोघींची कथा जवळपास सारखी आहे. क्लीना प्रियकराबरोबर मनानानच्या देशातून पळून येते. तो शिकारीला जातो, ती किनाऱ्यावर थांबते, वादक सूर धरून तिला झोपवतो आणि मनानानने पाठवलेली लाट तिला घेऊन जाते. तुआगला पुरुषांच्या नजरेपासून दूर वाढवलेले असते. मनानानचा दूत स्त्रीवेषात शिरतो, तिच्यावर झोपेचे गाणे म्हणतो, किनाऱ्यावर ठेवून नाव शोधायला जातो आणि तेवढ्यात लाट येते. दोघी झोपेत जातात. लाटेवर त्यांची हुकमत कथेत कुठेही नाही. लाटेला मागे उरते ते फक्त त्यांचे नाव.

दोम्नूविषयी एवढेच सांगतो की जुन्या ग्रंथांत फोमोरी या देवांच्या शत्रुवंशाचा राजा इंदेख याला 'दोम्नाची संतती' अशा अर्थाचे एक विशेषण लागते आणि त्या नावाचा संबंध काहींनी 'खोल' या अर्थाच्या शब्दाशी जोडला. तेवढ्या एका विशेषणावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत संपूर्ण सागरदेवी उभी राहिली. तिला भाषणात घेऊ नका.

प्रतिसाद २ : कॉर्कची पाहुणी

पोथीनिष्ठ यांच्या प्रतिसादातील बरेचसे मान्य आहे, पण क्लीनाला त्यांनी फार लवकर बुडवले, असे मला वाटते. मी गेली काही वर्षे कॉर्कमध्ये राहते आणि इथल्या परंपरेत क्लीना म्हणजे मन्स्टर प्रांताच्या परीलोकाची राणी. तिचे ठाणे समुद्रकाठी नाही, तर मॅलो गावापासून काही अंतरावर, पार आतल्या भागात असलेल्या 'कॅरिग क्लीना' या खडकाळ जागी आहे. मॅकार्थीसारख्या जुन्या घराण्यांशी तिचे नाव जोडलेले आहे. ब्लार्नीचा किल्ला बांधणारा कॉर्मॅक मॅकार्थी एका खटल्याच्या काळजीत असताना क्लीनानेच त्याला वाटेत दिसणाऱ्या पहिल्या दगडाचे चुंबन घ्यायला सांगितले आणि त्याला वक्तृत्व मिळाले, अशी एक दंतकथा आहे. आज पर्यटक रांगा लावून, पाठीवर झोपून, मान मागे टाकून ज्या दगडाचे चुंबन घेतात, तो हाच म्हणे.

सांगायचे हे की वाहून गेलेल्या मुलीला कोणी प्रांताची राणी करत नाही. एखाद्या भूमीची अधिष्ठात्री असलेली देवी आधी असावी आणि लाटेच्या नावाचा उलगडा करण्यासाठी कथाकारांनी तिला नंतर बुडवले असावे, हा क्रम मला जास्त पटतो.

प्रतिसाद ३ : पोथीनिष्ठ

हरकत योग्य आहे. स्थलनामकथांची ती खोडच आहे : जागेला नाव कोणाचे आहे, असा प्रश्न आला की उत्तर 'इथे अमुक मेली' असे ठरलेले. बोअन बुडते, सिनन बुडते, तुआग बुडते. मठातल्या लेखकाला देवीचे पूजन लिहिता येत नाही, मरण मात्र बिनधास्त लिहिता येते. तरीही क्लीना आधी 'समुद्राची' देवी होती, असे यातून निघत नाही. तुम्ही दिलेला पुरावा उलट तिला जमिनीकडेच ओढतो.

प्रश्नकर्ती : सागरगोटा

दोघांचेही मनापासून आभार. बोअनची उलटी फेरी मी नक्की सांगणार. आता ली बनबद्दल कोणी लिहील का? ती देवी, मत्स्यकन्या आणि संत या तिन्ही नात्यांनी मला भेटली आहे आणि शिवाय फँडची बहीणही ली बनच आहे.

प्रतिसाद ४ : निळावंती

प्रथम शेवटचा गुंता सोडवते. फँडची बहीण ली बन आणि मत्स्यकन्या ली बन या दोन वेगळ्या स्त्रिया आहेत. या नावाचा अर्थ 'स्त्रियांमधील लावण्य' असा काहीसा होतो, त्यामुळे ते दोघींना मिळाले यात नवल नाही. आधुनिक याद्यांनी मात्र दोघींना शिवून एक केले आहे.

मत्स्यकन्या ली बनची कथा 'तपकिरी गाईचे पुस्तक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखितात आहे. त्याचा एक लेखनिक माएल मुरे हा इ.स. ११०६ मध्ये मारला गेला, त्यामुळे त्याचा भाग त्यापूर्वीचा हे निश्चित. हे हस्तलिखित आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. कथेची सुरुवात देवत्वापासून फार दूर, चक्क घोड्याच्या मुतापासून होते. एओखी नावाचा सरदार आपले लोक घेऊन नवीन वस्तीच्या शोधात निघालेला असतो. ओंगुस हा देव त्याला सामान वाहण्यासाठी एक प्रचंड घोडा देतो, पण त्याला कुठेही थांबू देऊ नये, अशी ताकीदही देतो. घोडा थांबतो, मुततो आणि तिथे झरा फुटतो. एओखी झऱ्यावर घर बांधतो, झाकण बसवतो आणि राखणीला एक बाई नेमतो. कुर्नान नावाचा एक खुळा तेवढा 'नावा बांधा, पाणी येणार आहे' असे ओरडत फिरतो. एके दिवशी बाई झाकण लावायला विसरते आणि पाण्याचा लोंढा येऊन सारे बुडते. तेच आजचे उत्तर आयर्लंडमधले लॉख नेय, सुमारे ३९० चौरस किलोमीटरचे सरोवर. म्हणजे आयर्लंडच्या सर्वांत जुन्या मत्स्यकन्येचा जन्म गोड्या पाण्यात झाला, ही गोष्ट तुमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

एओखीची मुलगी ली बन बुडत नाही. ती आपल्या छोट्या कुत्र्यासह तळ्याखाली, स्वतःच्या उन्हाच्या दालनात, वर्षभर जिवंत राहते. हे 'उन्हाचे दालन' म्हणजे घरातल्या स्त्रियांची उजेडाची, बसण्याउठण्याची खोली, आणि ती आता पाण्याच्या तळाशी आहे. एकटेपणाने कंटाळून ती देवाला म्हणते की मला सामन माशांसारखे पोहता येऊ दे. तिचा खालचा अर्धा भाग सामनाचा होतो, कुत्र्याचे पाणमांजर होते आणि पुढची तीनशे वर्षे दोघे समुद्रात हिंडतात. तिला मिळते ते सामनाचे शरीर, 'मासा' असे मोघम काही नव्हे. सामन नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि पुन्हा नदीत परततो, त्यामुळे तळे ते समुद्र हा तिचा प्रवास आयरिश श्रोत्याला विनासायास पटत असणार.

सहाव्या शतकात बँगोरचा मठाधिपती कोमगाल याचा एक माणूस, बेओआन, रोमला निघालेला असताना नावेखालून देवदूतांच्या गाण्यासारखे गाणे ऐकू येते. ते ली बनचे असते. आजपासून एका वर्षाने आजच्या लार्न बंदराजवळच्या खाडीत जाळी घेऊन या, मी येईन, असे ती सांगते आणि त्याच्याच मठात दफन करण्याचे वचन घेते. ती पकडली जाते, नावेत पाणी भरून तिला त्यात ठेवतात आणि बघ्यांची झुंबड उडते. मग तिच्या मालकीवरून तीन धार्मिक पुरुषांत वाद होतो : एक म्हणतो माझ्या हद्दीत सापडली, दुसरा म्हणतो माझ्या जाळ्यात आली, तिसरा म्हणतो मला वचन दिले होते. एखाद्या बंदरावर जाळ्यातील मोठ्या माशावरून व्हावे तसेच हे भांडण आहे आणि लेखकाला त्यातला विनोद कळत होता, असे मला वाटते. अखेर देवदूताच्या सांगण्यावरून दोन रानटी नर हरणे जुंपलेला रथ जिकडे जाईल तिकडे तिला नेतात. तिथे तिच्यापुढे निवड ठेवली जाते : बाप्तिस्मा घेऊन लगेच मरून स्वर्गात जायचे, की समुद्रात काढली तितकी वर्षे जमिनीवर काढून मग जायचे. ती लगेच मरणे निवडते. तिला 'मुर्गेन' म्हणजे 'समुद्रातून जन्मलेली' हे नाव मिळते आणि २७ जानेवारी या दिवशी आयरिश संतमालिकांत ते नाव आढळते.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे सतराव्या शतकात 'चार आचार्य' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयरिश इतिहासकारांनी जो इतिहास संकलित केला, त्यात इ.स. ५५८ या वर्षाखाली राजांच्या मृत्यूंच्या आणि लढायांच्या ओळीतच, एओखीची मुलगी ली बन ही मत्स्यकन्या कोमगालच्या कोळ्याच्या जाळ्यात सापडली, अशी सरळ नोंद आहे. तेव्हा ली बन देवी नाही. ती माणूस, मग अर्धी मासोळी, मग संत आणि शेवटी बखरीतली एक तारीख आहे.

प्रतिसाद ५ : दर्यावर्दी

मत्स्यकन्या एकाच जातीच्या आहेत का, या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. निदान तीन जाती वेगळ्या कराव्यात.

पहिली ग्रंथातली. 'आयर्लंडच्या आक्रमणांचे पुस्तक' या मध्ययुगीन ग्रंथात आयरिशांचे पूर्वज समुद्रप्रवासात असताना 'मुर्दूखन' नावाच्या गायिका त्यांना गुंगवून झोपवतात आणि काखेर हा द्रुइड, म्हणजे जुन्या केल्टिक धर्माचा पुरोहित, सर्वांच्या कानांत वितळलेले मेण घालून त्यांची सुटका करतो. ही ग्रीक सायरनचीच आयरिश आवृत्ती आहे. याच नात्यातला आजचा आयरिश शब्द 'मुरूख' असा काहीसा उच्चारतात. मराठी श्रोत्यांपुढे तो जरा जपूनच उच्चारावा.

दुसरी जात इंग्रजीत 'मेरो' या नावाने रूढ झालेली. तिच्या डोक्यावर पिसांची किंवा लाल रंगाची जादूची टोपी असते आणि ती टोपी लपवली की तिला पाण्यात परतता येत नाही. टॉमस क्रॉफ्टन क्रोकर यांनी १८२५ ते १८२८ या काळात प्रसिद्ध केलेल्या लोककथासंग्रहात केरी परगण्यातील गोलेरसची कथा आहे. डिक नावाचा गडी पहाटे स्मेरविकच्या किनाऱ्यावर केस विंचरणाऱ्या मेरोची टोपी उचलतो, तिच्याशी लग्न करतो, तीन मुले होतात. एके दिवशी तो ट्रॅलीला गेलेला असताना ती घर झाडूनपुसून घेते, भिंतीवरचे जाळे ओढते आणि मागच्या भोकात तिला आपली टोपी दिसते. डिकने जीव जडवून संसार केला, पण टोपी काही जाळली नाही. या कथेत मला सर्वांत खरी वाटणारी वस्तू म्हणजे ते जाळे, कारण कोळ्याच्या घरात कोणी सहज हात लावणार नाही, अशी जागा तीच.

याच संग्रहातील नर मेरो कूमारा आणि त्याने समुद्रतळाशी पिंजऱ्यांत कोंडलेले बुडीत खलाशांचे आत्मे यांची कथा फार लोकप्रिय आहे. ती भाषणात घेणार असाल तर सावध राहा. क्रोकर यांना साहाय्य करणाऱ्या टॉमस कीटली यांनी पुढे कबूल केले की ती कथा त्यांनीच एका जर्मन कथेवरून रचली होती. कहर असा की नंतर काही आयरिश लोकांनी हीच कथा लहानपणापासून ऐकल्याचे आपल्याला सांगितले, असेही त्यांनीच नोंदवले आहे.

तिसरी जात सीलबायांची. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कॉनेमारात, कनीली घराण्याचे पूर्वज सील होते, अशी समजूत आहे आणि त्या घराण्यातील माणसाने सील मारू नये, असा संकेत सांगतात. कथेचा सांगाडा डिकच्या कथेचाच, फक्त टोपीच्या जागी झगा किंवा कातडे. डब्लिनच्या विद्यापीठात काम केलेले स्वीडिश लोककथा-अभ्यासक बो आल्मक्विस्त यांनी १९९०च्या आपल्या अभ्यासात या कथांची आयरिश रूपे तपशिलाने मांडली आहेत. या कथांतली स्त्री कोणाची देवी नाही. तिला नवस नाही, नैवेद्य नाही. ती कोणाची तरी पणजी आहे.

प्रश्नकर्ती : सागरगोटा

आता भाषणाचा आराखडा दिसू लागला. नद्यांपासून सुरुवात करून लाटांवर येईन, मग ली बन आणि शेवटी गोलेरसचे घर. दोम्नू रद्द. एकच उरते : पडद्यावर दाखवता येईल असे एखादे खरोखरचे जुने आयरिश शिल्प आहे का? मला सापडतात ती सारी आजकालची, चमचमत्या शेपटीची चित्रे आहेत.

प्रतिसाद ६ : कॉर्कची पाहुणी

आहे. गॉलवे परगण्यातील क्लॉनफर्टचे कॅथेड्रल पाहा. तिथला पश्चिमेचा बाराव्या शतकातील दरवाजा जगप्रसिद्ध आहे, त्यामुळे बहुतेकांचे छायाचित्रण तिथेच संपते. मत्स्यकन्या मात्र आत, वेदीकडे जाणाऱ्या कमानीच्या दगडावर आहे आणि ती नंतरची, पंधराव्या शतकातील आहे. एका हातात फणी, दुसऱ्या हातात आरसा. धर्मोपदेशकांच्या लेखी ही दोन्ही गर्वाची आणि मोहाची चिन्हे होती, म्हणजे तिला तिथे बसवले ते पूजेसाठी नव्हे, धाक घालण्यासाठी. पण जाणाऱ्यायेणाऱ्यांनी हात फिरवून तिचे पोट असे गुळगुळीत केले आहे की बाजूच्या खरखरीत दगडातून ते वेगळे उठून दिसते. क्लॉनफर्टचा मूळ मठ ब्रेंडन या दर्यावर्दी संताने स्थापलेला आहे, हेही सांगता येईल.

त्याच परगण्यात क्लॉनटस्कर्टच्या पडक्या मठाच्या दरवाजावरही फणी आणि आरसा घेतलेली एक लहानशी मत्स्यकन्या आहे आणि तो दरवाजा १४७१ सालचा आहे, त्यामुळे तारखेसह दाखवता येईल. दोन्ही ठिकाणे समुद्रापासून बरीच आत आहेत. छायाचित्रे माझ्याकडे आहेत. व्यक्तिगत निरोप पाठवलात तर या शनिवारपर्यंत पाठवते.